निळा पडलेला धागा

स्वेटरच्या साध्या ॲक्रिलिक धाग्यावर सहा महिने रसायनांचे प्रयोग करून तिने तो असा घडवला होता, की पाण्यात विरघळलेलं तांबं तो ओढून घ्यायचा आणि निळा पडायचा. कारखान्यामागच्या वस्तीतल्या विहिरीच्या पाण्यात तो तासाभरातच निळाशार झाला.

तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरेना. तो कारखाना धातूंवर मुलामा चढवणारा, आणि तिथे बाबा तीस वर्षं सुपरवायझर होते. अहवाल द्यावा तर बाबांचं नाव येणार. दाबावा तर वस्ती तेच पाणी पिणार. घरात चार चकरा मारून शेवटी तिने तो ओला धागा बाबांच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, यात तांबं आहे. तुमच्या कारखान्यातलं."

बाबांनी धागा उलटसुलट करून पाहिला.

"माझंच काही चुकलं असेल. पुन्हा तपासते मी," ती घाईघाईने म्हणाली.

"नाही चुकलं. अहवाल दे, माझ्या नावासकट." बाबा मटकन खुर्चीत बसले. "मला तोंड उघडायची हिंमत झाली नाही गं. तू रसायनशास्त्रच घ्यावंस म्हणून मी उगाच नव्हतो हट्टाला पेटलो."