सहाबाईचा पाला

“आजबी खाल्लं हिनं! उपाशी ठेवा म्हणलं की हिच्या दाढंखाली पाला हाजिर. एवढी खातिरदारी घरात माझी न्हाई होत,” शेड सांभाळणारे पाशामियाँ सहा नंबरच्या शेळीच्या गव्हाणीत हात घालून पुटपुटले.

बेबीनंदा शेजारीच लेंड्या भरत होती. ऐकूच न आल्यासारखं तिनं घमेलं उचललं. पदराला सुबाभळीचं पान चिकटलं होतं, ते चालता चालता झटकलं.

वाटूर रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत शेळ्यांना नावं द्यायची नाहीत, असा नियम होता. नुसते नंबर. बेबीनंदानं नियम पाळला. सहा नंबरला ती सहाबाई म्हणायची.

उंदराचं औषध पोटात गेलं की माणसाचं लिव्हर बघता बघता बसतं. तसं या शेळ्यांचं मुद्दाम बिघडवलेलं. मग ते न काढता, त्याच्याच शेजारी दुसऱ्या शेळीच्या लिव्हरचा तुकडा जोडायचा. घरची बाई अंथरुणाला खिळली की शेजारीण तिची चूल सांभाळते, तसं. आधीच्या पाचही शेळ्या गेल्या. सहाबाई उठली, ओरडली आणि बेबीनंदाचा पदर चघळायला लागली.

आता तिचं स्वतःचं लिव्हर सावरलं, की सगळा भार अजून शेजारणीवरच आहे, तेवढं पोट उघडून बघायचं होतं. ‘बघायचं’ असंच सगळे म्हणत. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं, नाहीतर चारा वर येऊन जनावर गुदमरतं. म्हणून उपास. आणि हा आठवडाभर कुणीतरी रोज तो मोडत होतं.

डॉक्टर आसिफा आल्या. तुकडा त्यांनीच जोडला होता. सहाबाई निवांत रवंथ करत होती.

“बेबीताई, आजही?”

“दोरी सुटली आसंल, मॅडम. जनावरच ते, कुठंबी तोंड घालतंय.”

दोरीची गाठ जागच्या जागी होती. पाशामियाँनी गाठीकडं बघितलं, मग पत्र्याकडं.

“उद्या करू, मॅडम. एवढी जल्दी काय हाय?”

“चाचा, दवाखान्यात अजून एक पोरगी आलीय. अंबडकडची. उंदराचं औषध पोटात गेलंय, डोळे हळदीसारखे झालेत.”

बेबीनंदानं घमेलं खाली ठेवलं. पोरगी तिनं पाहिली नव्हती, पण पलंगाच्या दांडीला धरून बसलेली तिची आई तिला लख्ख दिसली.

“आता न्हाई टाकणार पाला,” ती म्हणाली. बोलून गेल्यावर आपण कबुली दिली हे तिच्या ध्यानात आलं. पण आता काय. “बिलकुल न्हाई. पर मॅडम, मागच्या बारीला शुद्धीवर आल्ती तवा लई भुकेजली होती. ह्या बारीला उठल्याबरूबर टाकते. चालंल ना?”

आसिफांनी कोपऱ्यातल्या भाऱ्यातून एक फांदी ओढली, गुडघे टेकून सहाबाईपुढं धरली.

“मॅडम!” पाशामियाँ दचकले. “उपास?”

“खाऊ द्या, चाचा. दिवस ढकलायला उपासाचं निमित्त मलाही हवं होतं.” शेळी पानं ओरबाडत होती, फांदी त्यांच्या हातात हिसके खात होती. “उपाशी ठेवतात ते परत उठवायचं असतं म्हणून. हिला उठवायचं नाहीये.”