पालथा पेला

रात्रभर छाती धडधडते, पोटात आग पडते आणि डोळ्याला डोळा लागत नाही, असं सांगत मायाप्पा धनगर चांदसाब हकिमांपुढं बसला.

"स्वैपाक कोण करतं तुझा?"

"मीच."

"आन पितोस काय?"

"हिरवा च्या. मंगळवार पेठेत काबुली हिंगवाला बसतो की, त्यो रोज संध्याकाळी पाजतो. पेला रिकामा दिसला की भरलाच."

"त्याची बोली कळती तुला?"

"न्हाय. त्यो त्याच्या डोंगराचं सांगतो, मी माझ्या मेंढरांचं. दोघंबी माना हलवतो."

हकिमांना हसू आवरेना. "अरे खुळ्या, त्यांच्यात पेला पालथा घातल्याबिगर भरायचं थांबत न्हाईत! आज पयला पेला झाला की घाल पालथा, आन सरळ घरी जा. झोप आपसूक येईल."

घोंगडी खांद्यावर टाकत मायाप्पा उठला. दारात जरा घुटमळला.

"ते ठावं हाय मला, साब. पयल्याच दिवशी त्यानं करून दावलं."

"मग घालत का न्हाईस?"

"पालथा घातला की उठावं लागतंय."