तिसरी चादर

गौरम्मानं पहिली चादर झटकून पसरली. हिरव्यागार चादरीवर जांभळे मोर.

लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नातेपुत्याहून आलेल्या बजाबाईंनी तोंड वाकडं केलं. "अगं बाई, ह्या मोरांनी नवरी रातभर जागी ऱ्हाईल की!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. गौरम्माही हसली आणि तिनं दुसरी चादर काढली. मऊ, जाडजूड, बघत राहावी अशी. किंमत ऐकल्यावर बजाबाईंनी हात मागं घेतला.

गल्ल्यावर बसलेले चनबसप्पा पान लावायचे थांबले. ही रीत त्यांची होती. सोलापुरात चादरीची दुकानं पैशाला पासरी, पण गिऱ्हाइकापुढं तीनच चादरी टाकायच्या हे डोकं चनबसप्पांचंच. पहिली डोळ्यात खुपणारी. दुसरी खिशाला न झेपणारी. तिसरी, जी आपल्याला खपवायचीय ती. गिऱ्हाईक बरोबर तिसरीवर हात ठेवतं आणि वर स्वतःचंच कौतुक करतं. मग आपण मान डोलवून म्हणायचं, "चॉइस तुमची!" हा शब्द त्यांनी मुंबईच्या एका एजंटाकडून उचलला होता, आणि तो जिभेवर असा बसला होता की बायकोनं भाकरी की भात विचारलं तरी ते चॉइसच म्हणायचे.

ही रीत त्यांनी कुणालाच शिकवली नव्हती. पोरीला तर नाहीच. मॅट्रिक झाल्यावर गौरम्मानं एकदा विचारलं होतं, "अप्पा, मी बसू का दुकानात?" चनबसप्पा पोट धरून हसले होते. "मग मी घरी बसून चूल फुंकतो!" विषय तिथंच संपला.

त्याच साली, म्हणजे त्र्याहत्तरला, त्यांनी तिच्यापुढं तीन स्थळं ठेवली. एक करमाळ्याचा बिजवर, दोन पोरांचा बाप. एक बेंगळूरचा बँकवाला, त्याच्या घरच्यांनी मागितलेलं सोनं ऐकून गौरम्माच्या अव्वाला, म्हणजे आईला, घेरीच आली. आणि एक अक्कलकोटचा ईरप्पा. त्याचा बाप सुताचा मोठा व्यापारी, आणि त्या घराशी चनबसप्पांना सोयरीक हवीच होती. गौरम्मा मान खाली घालून म्हणाली, "तिसरं." लग्नात चनबसप्पा मांडवभर सांगत फिरले, "आमी जबरदस्ती केली न्हाई बरं का. पोरीची चॉइस!"

ईरप्पा हात उचलणारा निघाला. गौरम्मा रडत माहेरी यायची. चनबसप्पांचा जीव तुटायचा, पण डोक्यावरून हात फिरवून ते म्हणायचे, "तुझीच चॉइस व्हती की गं, बाळ." आणि तिला परत एस्टीत बसवून द्यायचे. तेवढं म्हटलं की त्यांना झोप लागायची.

यंदा संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला म्हणून ती आली आणि परत गेली नाही. डाव्या कानानं तिला आता ऐकू येत नव्हतं. आज दुकानातला गडी जत्रेत पसार झाला, गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, म्हणून ती मदतीला उभी राहिली होती.

तिनं तिसरी चादर पसरली. मरून रंग, पांढरी किनार. दिवाळीपासून पडून राहिलेला माल.

"हीच!" बजाबाईंनी चादरीवर थाप मारली. "कशी हुडकली बघा मी!"

"चॉइस तुमची, मावशी," गौरम्मा म्हणाली.

बजाबाई पायरी उतरून जाईपर्यंत चनबसप्पांनी कसाबसा दम धरला.

"गौरा, हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी कशाला शिकवाय पायजे? तुमचा डबा घेऊन यायची तवापास्नं बघतेय की."

"म्हंजी... लग्नाच्या आदीपास्नं?"

"व्हय. कुठला माल काढायचाय, ते कळत न्हाई व्हय मला? तुमाला तिसरं खपवायचं व्हतं. मी घेतलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती चादरीच्या भावाबद्दल बोलावं तशी बोलत होती. चनबसप्पांना स्वतःची लाज वाटली. एवढी वर्षं आपण गिऱ्हाइकं फसवली, आणि पोटची पोर तेवढी फसली नाही. समजून उमजून गेली ती, आपल्यासाठी.

"मग तुझी चॉइस काय व्हती गं?" ते अगदी हळू म्हणाले.

तिनं उजवा कान पुढं केला. त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

गौरम्मानं मोरांच्या चादरीची घडी घातली आणि ते बसले होते त्या गादीकडं एकदा बघितलं.

"ते त्या तिन्हीत नव्हतंच की, अप्पा. ते मी मागितलं, तवा तुमी हसला."