उसनं नाक

तापात अनुजाचा वास गेला, तो आठ महिने झाले तरी परत आला नाही. गोव्यातल्या व्हिस्कीच्या कारखान्यात तिची नोकरीच वास ओळखायची. तिथे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. दर रविवारी ती नमुन्याच्या बाटल्या घेऊन कणकवलीला घरी यायची. बाबा हुंगून, चाखून सांगायचे आणि ती लिहून घ्यायची.

आजची सिंगल माल्ट जेमतेम तीन वर्षांची होती. पिंपात फार मुरली नसल्यामुळे तिच्यातला धुराचा वास अजून निवळला नव्हता. अनुजाने एक घोट घेतला. नुसती जीभ भाजली.

"बाबा, धूर आसा?" तिने थकून विचारलं.

बाबांनी डोळे मिटून ग्लास नाकाशी धरला. "आसा तर! काजूच्या बोंडूची भट्टी पेटवल्यासारखो. मागसून सुक्या बांगड्याचो."

अनुजा लिहीत होती, तेवढ्यात आई मागीलदारातून धावत आत आली. "भात करपान कोळसो झालो! घरभर वास सुटलो, तुमका दोघांक कळाक नाय?"

अनुजाने बाबांकडे पाहिलं. त्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला.

"तुका इल्लो तो ताप माकाव इल्लो गो," ते म्हणाले. "पण धुराचो वास कसो असता, ता माका अजून याद आसा."