पानाचा खालचा कोपरा

अहवाल तिने मुद्दाम छापून घेतला होता. ईमेलने पाठवला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण तिने पातळ, पानाला पान चिकटून बसेल असा कागद शोधून आणला, पानं एकाच बाजूला छापली आणि गठ्ठा सरांच्या खुर्चीसमोर नीट ठेवला. बारा वर्षं डूख धरून बसलेल्या बाईला एवढी हौस करायचा हक्क आहे.

सर तिच्या तपासणी प्रयोगशाळेत आले ते ऐटीतच.

"साबणवडी, तू इथली प्रमुख? बरं झालं, घरचंच माणूस निघालं."

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ती त्यांच्या प्रयोगशाळेत शिकत असताना एकदा सगळे नमुने खराब निघाले. ती भर बैठकीत म्हणाली होती, की सर बोटाला थुंकी लावून वहीची पानं उलटतात आणि त्याच हाताने नमुन्यांच्या नळ्या उघडतात. दोन दिवसांत तिला पत्र मिळालं. हात अस्वच्छ, कामास अपात्र. पदवी गेली, नाव तेवढं राहिलं. आईला खरं कारण सांगायला तिला वर्ष लागलं.

सरांचं मात्र पुढे फार छान झालं. गुहेतल्या आंधळ्या गोगलगायीत त्यांना एक असं जनुक सापडलं, जे कुठल्याच गोगलगायीत नसतं. दोन कोटी वर्षांपूर्वी ते एका जिवाणूकडून तिच्यात आलं, असा त्यांचा दावा होता. त्यावर व्याख्यानं झाली, सत्कार झाले. आता दुसऱ्या कोणाला ते सापडेना, म्हणून शोध छापणाऱ्या नियतकालिकाने फेरतपासणी मागितली होती. सरांच्या नळ्या, मूळ वही आणि गुहेतून नव्याने आणलेल्या गोगलगायी, सगळं तिच्याकडे आलं होतं.

सरांनी चष्मा चढवला आणि अहवाल पुढे ओढला. बोट जिभेला लागलं, पान उलटलं. ती बघत होती.

पहिल्या पानांवर ताज्या गोगलगायींचा निकाल होता. एकीतही ते जनुक नव्हतं. होतं ते फक्त सरांच्या जुन्या नळ्यांत. पुढच्या पानावर त्या जनुकाची डीएनएतली अक्षरं होती आणि शेजारी माणसाच्या तोंडात राहणाऱ्या एका जिवाणूची. दोन्ही ओळी सारख्या.

"काही जनुकं टिकतात अशी," सर म्हणाले.

"दोन कोटी वर्षं, सर? आणि एक अक्षरही इकडचं तिकडे नाही? माझी आई परवाचा निरोपसुद्धा बदलून सांगते."

सरांनी पेन टेबलावर आपटलं. मग खिशातून एक पाकीट काढलं. हे असं काही निघणार याची आपल्याला कल्पना होतीच, असं ते सांगू लागले. त्यांच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेली एक मुलगी आहे, हुशार आहे पण गबाळी. नळ्यांत घाण गेली असेल तर तिच्याच हातून. तिचं पत्र तयार आहे, सहीसुद्धा केली आहे. आज दुपारी तिला देऊन टाकू म्हणजे विषय संपेल. तू फक्त अहवालात लिही की चूक विद्यार्थिनीची.

पाकीट टेबलावर पडलं. तिला ते उघडायची गरज वाटली नाही. आतली वाक्यं तिला पाठ होती.

"आधी पुरतं वाचून घ्या," ती म्हणाली.

बोट जिभेला लागलं. पान उलटलं. जिवाणूसोबत त्या नळ्यांत माणसाचा डीएनएही निघाला होता, आणि तो पुरुषाचा होता. सरांच्या प्रयोगशाळेत चार मुली होत्या. पुरुष एकच.

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. पुन्हा बोट जिभेला लागलं, पुन्हा पान उलटलं.

या पानावर त्यांच्याच वहीचे फोटो होते. प्रत्येक पानाचा उजवीकडचा खालचा कोपरा लाल वर्तुळात घेतलेला. कोपऱ्यांवर चोळलेल्या कापसात तोच जिवाणू होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पानांचा बाकी भाग स्वच्छ होता.

सरांचं बोट सवयीने वर गेलं आणि ओठांपाशी थांबलं.

सरांनी बोटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग हात हळूच खाली घेतला आणि पॅंटला पुसला.

"अगं," ते म्हणाले. तिचं खरं नाव त्यांना आठवेना, हे तिला दिसलं.

तिने मुलीचं पाकीट आपल्याकडे ओढलं आणि खणात टाकून खण लावला.

"अजून एक पान आहे, सर. उलटा."

पातळ कागदातून खालची निळी शाई दिसत होती. बारा वर्षांपूर्वी तिला मिळालेल्या पत्रावरची, सरांच्याच सहीची. ती त्यांनी ओळखली. त्यांनी कोरडं बोट कोपऱ्यावर ठेवून सरकवलं. कागद चिकटून राहिला. त्यांनी पुन्हा सरकवलं, मग अंगठ्याने, मग नखाने.

पान उलटेना. तिने हातमोजे घातलेले हात घडी घालून मांडीवर ठेवले आणि खुर्चीत आरामात मागे टेकून बसली.