दारावरचा मासा

संडासाच्या दाराचं भोक बुजलं होतं!

स्वप्नालीने आत शिरून कडी लावली आणि आधी तेच बघितलं. कुरुळीतल्या त्या चाळीत नऊ खोल्यांना मिळून एकच संडास. त्याच्या पत्र्याच्या दाराला, खाली बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, लिंबाएवढं भोक. आजवर ती त्यात ओढणीचा बोळा कोंबायची. एक हात बोळ्यावर, एक हात कडीवर. आज तिथे आतल्या बाजूने चांगलं जाडजूड स्टिकर. आईचंच काम, दुसरं कोण करणार? स्वप्नालीला एवढं बरं वाटलं, की दोन्ही हात मोकळे सोडून ती चक्क गुणगुणायला लागली.

मग तिने स्टिकर वाचलं. नववीत गेल्यापासून इंग्रजी दिसलं की वाचूनच टाकायचं, अशी तिला सवय लागली होती.

लाल चौकटीत एक कवटी. शेजारच्या चौकटीत एक झाड आणि उताणा मासा. खाली एका दमात वाचता येणार नाही एवढं लांब नाव, मग आकडे, आणि ठळक अक्षरांत तीन शब्द. टॉक्सिक इफ स्वॉलोड. स्वॉलो म्हणजे गिळणे.

गुणगुणणं थांबलं.

बाबांनी परवा कंपनीच्या भंगारातून निळा ड्रम आणला होता. त्याच्यावर हेच स्टिकर होतं. आणि आज चार दिवसांनी नळाला पाणी आलं, तेव्हा आईने तो ड्रम काठोकाठ भरला होता.

कडी पहिल्या झटक्यात निघालीच नाही.

"आई! ड्रममधलं पाणी कुणी प्यायलं का?"

आई कपडे पिळत होती. "गणराज पेला की आत्ताच, गिलासभर. का गं?"

"अगं, त्यात विष होतं! तू दाराला लावलंस ना, त्या स्टिकरवर लिहिलंय!"

"ओरडू नको. तीनदा साबणाने घासलाय, दोन दिवस उन्हात ठेवलाय. वाससुद्धा येत नाही त्याचा."

पाच वर्षांचा गणराज उंबऱ्यावर बसला होता. जीभ बाहेर काढून शर्टाच्या बाहीला पुसत होता.

"ताई," तो म्हणाला, "पाणी तिखट आहे."

आईच्या हातातली चादर खाली पडली. "मीठ आण. मिठाचं पाणी पाजते लेकराला, उलटी होईल." तिने तांब्या उचलला, ड्रमपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. घरातलं सगळं पाणी त्याच ड्रममध्ये होतं.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून घरमालकीण इंदुताई मोबाइल कानाला लावूनच धावत आल्या. "चाकणचं डाक्टर हायेत फोनवर. म्हनत्यात, उलटी काढू नका, काय पाजू नका, तसंच हितं घिऊन या. अन् त्या ड्रमाचं स्टिकर संगं आना. काय व्हतं ते कळल्याबिगर औषध देता यायचं न्हाई."

स्वप्नाली पुन्हा संडासाकडे पळाली. इंदुताईंनी मोबाइलवर फोटो काढून बघितला. कवटी आली, नावाच्या जागी नुसता फ्लॅशचा पांढरा उजेड. स्वप्नालीने एका कोपऱ्याखाली नख घातलं. फर्रकन कोपरा निघाला, आणि त्याच्यासोबत नावाची शेवटची दोन अक्षरं. तो तुकडा मुठीत धरून तिने हात मागे घेतला. आईने कधी नव्हे ते एवढं पक्कं चिकटवलं होतं!

वहीत उतरवून घ्यावं, की फोनवरच वाचून दाखवावं? पण पेपरात एक अक्षर चुकलं तर अर्धा मार्क जातो. इथे एक अक्षर चुकलं तर?

"दारच काढ," इंदुताई म्हणाल्या.

"काय?"

"व्हय, दारच! नायतरी दोन तारांवर लटाकलंय मेलं. अफताब! ये रं, पक्कड घिऊन!"

समोरच्या गॅरेजमधला अफताब आला. त्याने गणराजकडे एकदा बघितलं, कटाकट दोन्ही तारा तोडल्या आणि छोटा हत्ती टेम्पो काढायला धावला. सहा नंबरच्या खोलीतली कनीज बादली घेऊन रांगेत उभीच होती. ती कधी चौकटीकडे बघत होती, कधी दाराकडे.

"आता आम्ही काय करायचं, इंदुताई?"

"जा तू. मी हुबी ऱ्हाते आडवी." इंदुताईंनी पदर दोन्ही हातांनी पसरला आणि चौकटीकडे पाठ केली.

टेम्पो निघाला. मागे आई गणराजला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या ओठांतून आवाज येत नव्हता, ओठ मात्र हलत होते. स्वप्नाली त्यांच्यासमोर, दार उभं धरून. रस्त्यावरचे कंटेनर एकामागोमाग अंगावर हॉर्न मारत जात होते. गणराजच्या पापण्या हळूहळू खाली येत होत्या.

"गण्या! झोपायचं नाही. इकडे बघ. हे काय आहे?"

"झाड."

"शाब्बास! आणि हे?"

"मासा."

"काय करतोय मासा?"

गणराजने बराच वेळ बघितलं.

"झोपलाय."

स्वप्नालीने झटकन माशावर तळहात ठेवला.

"मासा सोड. झाड बघ," ती म्हणाली. "झाडाची पानं मोज. मोठ्याने."

गणराजने बोट पुढे केलं. ते थोडा वेळ तसंच हवेत राहिलं. झाडाला एकही पान नव्हतं.