सेठच्या घरची शिरगणती

१९६८ साली दुबईत पहिली शिरगणती झाली. कारकून दारात येताच कापडाचे बडे व्यापारी खैरुद्दीन सेठ ठासून म्हणाले, "आम्ही पाच माणसं. लिहा. खलास!"

त्यांचा धाकटा भाऊ गनी जन्मापासून मंदबुद्धी. चाळिशी आली तरी त्याला पाचापुढे मोजता येत नव्हतं. पाहुणे आले की सेठ त्याला आतल्या खोलीत बसवत.

"भर दुपारी उपाशी जाऊ नका, जेवूनच जा," सेठच्या आईने, मरियमबींनी, आतून आग्रह केला.

जेवायचं नाव ऐकताच गनी सवयीने ताटं घेऊन बाहेर आला. रोजच्यासारखं घरातल्या एकेकाचं नाव घेत त्याने पाच ताटं मांडली. एक पाहुण्यालाही मांडलं. मग शेवटचं ठेवत हसून म्हणाला, "हे गनीचं."



कारकुनाने पाच खोडून सहा लिहिले.